माळ उजाड झाला म्हणजे नेमके काय झाले?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गायरान, माळरान आणि पडीक जमिनी यांविषयीची आहेत. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : आमच्या गावाला सुमारे ऐंशी एकर गायरान आहे. लोकवर्गणी आणि श्रमदानातून आम्ही तेथे दोन वेळा झाडे लावली, उन्हाळ्यात टँकरने पाणीही घातले. तरीही दुसरा उन्हाळा संपेपर्यंत बहुतेक रोपे वाळून गेली. अशा जमिनीत कोणत्या जातीची झाडे तग धरतील? (एक वाचक, माण तालुका)

उत्तर : जात निवडण्याआधी एक गोष्ट तपासावी, अशी माझी विनंती आहे. तुमचे गायरान हे मोडलेले जंगल आहे की मोडलेला माळ? माण, जत, कर्जत, इंदापूर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत, आणि माळावर मुरमाच्या वर जेमतेम वीतभर माती असते. अशा जमिनीवर दाट जंगल मुळात नव्हतेच. गवत आणि त्यात दूरदूर उभे असलेले हिवर, बोर, बाभूळ, खैर, हेच तिचे मूळ रूप. महसुलाच्या दप्तराने मात्र जिच्यातून शेतसारा येत नाही ती जमीन पडीक ठरवली, सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) हा शब्द आला, आणि पडीक जमीन म्हणजे झाडे लावण्याची जागा, हे आपण सगळ्यांनीच पुढे गृहीत धरले.

मुरमात दीड-दोन फुटांचा खड्डा खणला की मुळांना बाहेर जायला वाट राहत नाही. तो खड्डा म्हणजे एक कुंडीच होते, आणि टँकर थांबला की कुंडीतले रोप वाळते. शिवाय खणताना वरची पातळ माती आणि तिला धरून ठेवणारी गवताची मुळे उखडली जातात, ते नुकसान वेगळेच. उताराच्या डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून आडवे खणलेले चर, पाणी अडवतात, याबद्दल वाद नाही. पण उथळ मातीच्या सपाट माळावर पोकलेनने सरसकट चर मारणे मला मान्य नाही. तेथे पाणी अडवण्याचे काम गवताचे ठोंब अधिक चांगले करतात.

अतिचराईने माळ एका ठरावीक क्रमाने उतरत जातो. आधी शेडा, पवना, मारवेल ही जनावरांच्या आवडीची, वर्षानुवर्षे टिकणारी गवते संपतात. मग कुसळ पसरते. पुढे तेही विरळ होऊन तरवड, रुई आणि उघडा मुरूम उरतो. तुमचे गायरान या क्रमात कोठे आहे, हे पावसाळ्याच्या शेवटी गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला बरोबर घेऊन पाहावे. चांगल्या गवताचे ठोंब अधूनमधून दिसत असतील, तर दोन-तीन पावसाळे चराई थांबवणे हाच मुख्य उपाय आहे. ते मुळीच नसतील, तर बी टाकावे लागेल. विलायती बाभूळ शिरली असेल, तर ती नुसती तोडून भागत नाही, कारण बुंध्यातून ती पुन्हा दाट फुटते. मुळासकट काढावी लागते. मात्र गावातील पुष्कळ घरांचे सरपण तिच्यावर चालते, म्हणून हे काम टप्प्याटप्प्यानेच करावे.

झाडांचा आग्रह असेल, तर ती लावू नका, राखा. बोर, हिवर, बाभूळ यांची जुनी मुळे जमिनीत जिवंत असतात आणि दर वर्षी फुटतात. कुऱ्हाड आणि शेळी त्यांना वर येऊ देत नाही, एवढेच. एका बुंध्यावरचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटावेत. आफ्रिकेतील नायजर या देशात, मराडी भागातील शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात हेच सुरू केले आणि पुढे सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली. त्यासाठी रोपवाटिका लागल्या नाहीत.

प्रश्न : चराईबंदीचे कौतुक आम्हीही ऐकतो. पण बंदी झाली की आमच्या मेंढ्यांनी जायचे कोठे? गावच्या ठरावात मेंढपाळाला कोणी विचारत नाही. (एक वाचक, जत तालुका)

उत्तर : आपली तक्रार खरी आहे, आणि महाराष्ट्रातील पाणलोट कार्यक्रमांच्या अभ्यासकांनीही तिची नोंद घेतली आहे. माथ्यावरची चराई थांबते तेव्हा तोटा मेंढपाळाचा आणि भूमिहीनाचा होतो; मुरलेले पाणी मात्र पायथ्याच्या विहिरींत उतरते, म्हणजे ज्याची तेथे जमीन आहे त्याच्या पदरात पडते. त्यात मेंढपाळांची आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी मेंढपाळ कुटुंबे आणि त्यांचे कळप, कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात, म्हणजे ज्या महिन्यांत गवताला विसावा हवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत मेंढ्या तेथे असतात.

म्हणून सगळे गायरान एकदम बंद करू नये. त्याचे तीन भाग करून एका वेळी एकच भाग राखावा, आणि कोणता भाग केव्हा उघडायचा हे ठरवताना वाड्याचे कारभारी बैठकीत असावेत. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई थांबली त्यांना द्यावा. माळाला मेंढीचे वावडे नाही, हेही शेतकऱ्यांना सांगावे. हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा खाऊन ती बी पसरवते, आणि खतासाठी तिला शेतात बसवून घ्यायला शेतकरी धान्य किंवा पैसे मोजतच आले आहेत. जमीन वनखात्याची असेल, तर २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क सामूहिक हक्कांमध्ये नमूद आहे, त्याआधारे ग्रामसभेमार्फत दावा करता येतो.

पाण्याच्या वाटणीविषयी पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण जुने झाले असले, तरी आजही लागू पडते. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचे, भूमिहीनांनाही वाटा ठेवायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, असे तेथील नियम होते. हिवरे बाजारची हिरवाई सगळ्यांना दिसते. पण पाऊस मोजून दर वर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद, शेतीसाठी बोअरवेलवरील बंदी आणि उसाला दिलेला नकार यांकडे तेथे जाणाऱ्या सहलींचे लक्ष कमी जाते.

प्रश्न : २०३०पर्यंत २.६ कोटी हेक्टर नापीक झालेली जमीन पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१९मध्ये जाहीर केले. ते माळरानांवर झाडे लावून पुरे होणार असेल, तर माळढोक पक्ष्याचे काय होईल? (एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इस्रोच्या २०१८-१९च्या नोंदींनुसार देशातील सुमारे ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के, जमिनीचा कस उतरलेला आहे. पण एवढ्या सगळ्या जमिनीला एकच औषध लागू पडणार नाही. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर नजर पोहोचणे हे त्याचे संरक्षण असते, म्हणून झाडोरा दाटला की त्याच्या दृष्टीने ती जागा संपते. तणमोर आणि धाविक हे पक्षी, काळवीट, लांडगा यांचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे होते. त्यात शहरे, गावे आणि शेते सगळीच आली, आणि पुढे क्षेत्र बरेच कमी करावे लागले. माझ्या मते कागदावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा गावागावांतील पन्नास-शंभर एकरांची राखलेली कुरणे या पक्ष्यांच्या अधिक उपयोगाची ठरतील.

प्रश्न : शाळेतील मुलांना घेऊन गवताचे बी गोळा करायचे आहे. केव्हा आणि कसे करावे? (एक शिक्षिका, इंदापूर तालुका)

उत्तर : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुरे पिवळे पडून हाताने ओढताच बी सुटू लागले, की गोळा करावे, उशीर केल्यास ते गळून जाते. जवळच्याच माळावरचे बी घ्यावे आणि निम्मे तुरे झाडून न नेता तेथेच राहू द्यावेत. सावलीत वाळवून सुती पिशवीत ठेवावे. ताजे बी सहसा लगेच रुजत नाही, म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही. पहिल्या पावसाच्या आधी शेणखत आणि माती यांत कालवून ते भुरभुरावे, वरून माती लोटू नये. बी खोल गेले की उगवत नाही. कुसळाचे बी गोळा करायला मुलांना पाठवू नका, त्याची टोके कपड्यांतून अंगात शिरतात.