तिशीत आहे, पगार चालू आहे. लाभांश देणारे शेअर घेऊ की वाढणारे?

पगार चालू असेल तर लाभांशाच्या मागे लागू नका, असं माझं मत.

लाभांश फुकटचा नसतो. एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) शेअरचा भाव साधारण तेवढ्यानेच उतरतो, म्हणजे या खिशातलं त्या खिशात. वर कर! १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर शंभरातले तीस गेलेच, शिवाय उपकर. उलट शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकलात, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे १२.५ टक्के.

लाभांशाची टक्केवारी बघून तर अजिबात भुलू नका. २०० रुपयांच्या शेअरवर १० रुपये म्हणजे ५ टक्के. धंदा बिघडून भाव १०० वर आला की तेच १० टक्के दिसतात! कोल इंडियासारख्या सरकारी कंपन्या भरघोस लाभांश देतात, कारण मोठा भागधारक असलेल्या सरकारलाही पैसा हवा असतो.

कंपनीकडे पैसे गुंतवायला चांगली जागाच नसेल, तर मात्र तिने वाटलेलेच बरे. निवृत्त आईवडिलांसाठी विचारत असाल तर हिशेब वेगळा. त्यांचा कर कमी आणि गरज दरमहाची.