पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस घरच्या घरी, रंगीबेरंगी आणि कमी खर्चात कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीत राहता, वीसेक मुलं येणार आहेत, मुलाला 'सगळे रंग असलेला' वाढदिवस हवाय आणि हातात अडीच महिने आहेत. खाऊ आणि सजावट तुम्हाला घरीच करायचीय, पण घरातले म्हणतात की घरचं फिकट दिसेल, बेकरीतूनच मागवू. 'फिकट' हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. हाच शब्द मी आमच्या घरात सहा वर्षं ऐकलाय.

माझं माहेर बेळगावातल्या वडगावचं, मागवाल्यांचं घर. वडगाव, शहापूर, खासबाग या भागात आमच्या लहानपणी सकाळी जाग यायची ती मागाच्या खटखटीनंच. बाबा मागावर आणि आई रहाटावर. रंगवलेल्या सुताच्या लड्या यायच्या, त्या उलगडून आई कांड्या भरायची. राणी रंगाची ऑर्डर असली की तिच्या बोटांची टोकं चार-चार दिवस गुलाबी असायची. भाकरी थापायच्या आधी ती राखेनं हात घासायची, तरी एखाद्या भाकरीच्या कडेला गुलाबी बोट उमटायचंच. ती भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची, आम्हाला कधी द्यायची नाही. सुताचा रंग पोरांच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

आता 2018 सालचं सांगते. थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचा वाढदिवस होता. बेकरीचा तीन थरांचा केक, त्यावर गडद गुलाबी फुलं, आणि अंगणात म्हातारीच्या केसांची गाडी बोलावलेली. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. रात्री घरी आल्यावर तिचे हात धुवायला घेतले तर रंग निघेना. साबण लावला, खोबरेल तेल लावलं, तरी बोटांची टोकं गुलाबीच. जीभ तशीच. मला न्हाणीघरात उभ्या उभ्या आईची बोटं दिसली, अगदी तोच राणी रंग. दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "एक दिवस खाल्ल्यानं काय होतंय गे? तुला सगळंच फिकट पायजे, माहेरासारखं." माहेरच्या गरिबीवर बोट ठेवलेलं कुठल्या बाईला सोसतं? मी गप्प बसले, पण लेकीचा पाचवा वाढदिवस घरी करायचा आणि तो फिकट होऊ द्यायचा नाही, हे त्याच दिवशी ठरवलं.

सजावटीपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त मजा तिथंच आली. बाबांनी माग बंद केले होते, पण उरलेल्या सुताचं एक पोतं माळ्यावर होतं. राणी, मोरपंखी, शेंदरी, पोपटी, सगळे रंग. वाढदिवसाच्या आधी आठ दिवस मी लेकीला घेऊन माहेरी गेले आणि तिनं आजोबांबरोबर बसून गोंडे केले. चार बोटं रुंदीचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर सूत चाळीस वेढे गुंडाळायचं, वरून दोरा ओवून घट्ट बांधायचं, खालून कात्रीनं कापायचं आणि मानेशी दुसरा दोरा आवळायचा. झाला गोंडा. वेढे आजोबा मराठीत मोजायचे आणि ही शेजारच्या मुलांकडून शिकलेल्या कानडीत, ओंदु, एरडु, मूरु. दहाच्या पुढं तिचं कानडी संपलं की परत ओंदु. म्हणून आमच्या गोंड्यांची जाडी एकसारखी नव्हती, आणि मी ती करायलाही दिली नाही. साठ गोंडे झाले. एका लांब सुतळीवर ओवून दारापासून खिडकीपर्यंत बांधले. तुमच्याकडं सूत नसेल तर शिंप्याकडं चिंध्या मिळतात, लोकरही चालते. ते तोरण अजून आमच्याकडं आहे, दरवर्षी निघतं. सुताचा पक्का रंग इथं कामाला येतो बघा. भिंतीवर तो वर्षानुवर्षं टिकतो, त्याची जागा तीच आहे.

भिरभिरी मुलांनाच करायला द्या. घोटीव कागदाचे चौकोन तुम्ही आधी कापून ठेवा, चार कोपऱ्यांतून मध्याच्या जवळपर्यंत चिरा द्या, एकाआड एक टोक मध्ये आणून टाचणीनं काडीला टोचा. कागद आणि काडी यांच्यामध्ये एक मणी घाला, नाहीतर फिरत नाही, हे कुणी सांगत नाही. चिकटवायला मैद्याची खळ शिजवा. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तिथं घालू नका. थर्माकोलची अक्षरं आणि प्लॅस्टिकच्या काडीवरचे फुगे तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदच आहेत, तरी दुकानदार देतात आणि आपण घेतो. कागदाच्या पताका करा, स्वस्त पडतात.

आता खाऊ. आधी मी ओव्हनमध्ये बिटाचा केक करून बघितला. पीठ सुंदर गुलाबी होतं, बाहेर आला तो विटकरी. दुसऱ्यांदा केला, पुन्हा तेच. बिटाचा रंग जास्त उष्णतेला टिकत नाही आणि सोड्यानं आणखी मरतो. त्याला आंबट लागतं आणि वाफ लागते. मग केक सोडला आणि रव्याचा थरांचा ढोकळा केला, गोल डब्यात, केकसारखा.

चार वाट्या बारीक रवा आणि दोन वाट्या आंबट दही, लागेल तसं पाणी, वीस मिनिटं भिजवायचं, चार भाग करायचे. एकात कच्चं बीट दह्याबरोबर वाटून आणि वरून लिंबू पिळून. एकात उकडलेलं गाजर. एकात पालक, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकलेला, म्हणजे हिरवा राहतो. चौथा भाग पांढरा ठेवणार होते, पण लेक म्हणाली पिवळा पाहिजे, म्हणून चिमूटभर हळद घातली. प्रत्येक भागात इनो अगदी ओतायच्या वेळी. एक थर पाच-सहा मिनिटं वाफवून धरला की त्यावर दुसरा. चारही झाले की शेवटी पंधरा मिनिटं. घाईत हळदीच्या थरात इनो नीट ढवळला गेला नाही, आणि पिवळ्यावर लाल ठिपके उमटले. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, कुंकू त्याच गुणावर बनतं. मला वाईट वाटलं, पण लेक म्हणाली, "आई, सूर्याला टिकल्या!" तो थर मग मी तसाच वर ठेवला. पुढच्या वर्षी मुद्दाम ठिपके पाडले.

गोडाला कुंदा. आमच्याकडं वाढदिवसाला कुंदा नाही असं होत नाही. दूध आटवून, दही घालून कणी पाडून, साखर थोडी जाळून घोटायचा. दोन तास चुलीपुढून हलता येत नाही. तेवढा वेळ नसेल तर विकतचा आणा, निपाणीतून बेळगावला येणारं कुणी ना कुणी असतंच. कुंद्याचे छोटे गोळे करून खोबऱ्याच्या किसात घोळवा. कीस बिटाच्या रसात चोळून सावलीत वाळवला की असा गुलाबी होतो की बेकरीवाल्यानं बघत राहावं. शेजारच्या कानडी आक्का शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, घेऊन आल्या, ती तर मुलांनी आधी संपवली. भडंग करा, तिखट कमी घालून. यादी एवढीच, जास्त प्रकार करू नका, मुलं खात नाहीत, आयाच खातात.

आणि सरबत. आमच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल होता, निळ्या फुलांचा. दहा-बारा फुलं एका पेल्याच्या गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं होतं. गाळून साखर घालून गार केलं आणि प्रत्येक मुलाच्या पेल्यात निळं सरबत ओतलं. मग लेकीनं एकेकाच्या पेल्यात लिंबाचा रस पिळला. निळ्याचं जांभळं! फुलातला रंग आंबटानं बदलतो, बाकी जादू काही नाही. पण अठरा मुलं पेल्यावर डोकी घालून बघत होती आणि तो मुलगाही, ज्याच्या वाढदिवसाला गाडी आली होती. "काकू, परत कर की गे," म्हणून त्यानं तीनदा पेला पुढं केला. वाढदिवसाचं गाणं इंग्रजीत झालं, मराठीत झालं, आक्कांच्या मुलांनी 'हुट्टु हब्बद शुभाशयगळु' म्हटलं. जाऊबाई कोपऱ्यात बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "चांगलं झालं, पण केक पायजे होता." बाकी काही नाही.

मग मार्च 2024 आला. आपल्या कर्नाटक सरकारनं म्हातारीच्या केसांत आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी घातली. म्हातारीच्या केसांचे 25 नमुने तपासले होते, त्यातले 15 खाण्यालायक नव्हते. त्यात सापडलेल्या गुलाबी रंगाचं नाव रोडामाईन-बी, आणि तो कापड रंगवायचा रंग आहे. कापड! मी बातमी जाऊबाईंना पाठवली, वर काही लिहिलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून 'फिकट' हा शब्द आमच्या घरात ऐकू आलेला नाही.

त्यामुळे तुमच्या घरात कोण काय म्हणतंय ते ऐकून घ्या आणि पीठ तुमच्याच हातानं भिजवा. वाढदिवस मुलाचा आहे, बघणाऱ्यांचा नाही. मुलाला आठ दिवस आधीपासून कामाला लावा, त्याला दिवस कळतो तो तेव्हाच.

आता राहिलेलं. सगळेच रंग विषारी असतात असं मी म्हणत नाही. परवानगी असलेले खाण्याचे रंग आहेत आणि त्यांना प्रमाण ठरवून दिलेलं आहे, पण गाडीवरचा माणूस प्रमाण मोजत नाही. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. भडंगात आणि होळगीत शेंगा आहेत हे पालकांना आधी सांगा, एखाद्याला चालत नाहीत. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. बीट जास्त खाल्लं की दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होऊ शकते, घाबरून दवाखान्यात धावू नका. फुलं रस्त्याकडेच्या कुंपणावरची तोडू नका, धूळ आणि फवारणी असते.

अडीच महिने आहेत ना? मग गोकर्णाचं बी आजच रात्री पाण्यात भिजत घाला आणि उद्या पेरा. पांढऱ्या फुलाचाही वेल असतो, त्याच्यानं सरबत निळं होत नाही, म्हणून बी देणाऱ्याला फूल कुठल्या रंगाचं ते विचारून घ्या. वेलाला पहिल्यापासून दोरी बांधा, आणि दोरी बांधायला मुलाला बोलवा.