सहा किलोवॅटच्या रेक्टिफायरसाठी कंट्रोलर चिप कोणती?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा लहान कारखाना असून आम्ही इलेक्ट्रोप्लेटिंगसाठी लागणारे स्विच मोड रेक्टिफायर (एसीचा डीसी करून देणारी यंत्रे) बनवतो. एसजी ३५२५ या कंट्रोलर चिपवरचे आमचे १ किलोवॅटचे हाफ ब्रिज (दोन स्विचांचे) मॉडेल उत्तम चालते. तीच चिप ठेवून ४१५ व्होल्ट थ्री फेजवर चालणारे १२ व्होल्ट, ५०० अँपिअरचे आयजीबीटी (मोठा करंट वेगाने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) वापरलेले फुल ब्रिज (चार स्विचांचे) मॉडेल २० किलोहर्ट्झवर तयार केले. मात्र टाकीत जॉब (प्लेटिंग करायची वस्तू) सोडताना किंवा उचलताना आयजीबीटी अधूनमधून उडतात. मायक्रोकंट्रोलर वापरा, असे काही जण सुचवतात. कोणती चिप घ्यावी?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : लहान मॉडेल चालते आणि मोठे उडते, यामागे वाढलेल्या वॅटपेक्षा बदललेली रचना अधिक जबाबदार असावी. हाफ ब्रिजमध्ये प्रायमरीचे (ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटकडील गुंडाळीचे) एक टोक दोन कपॅसिटरांच्या मध्यबिंदूला जोडलेले असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी शिरू शकत नाही. फुल ब्रिजमध्ये ही आयती सोय नसते. दोन बाजूंचे आयजीबीटी बंद होण्याच्या वेळांत किंचित जरी फरक असला, तरी एका दिशेचा पल्स दुसरीपेक्षा मोठा पडतो, कोअरमधील फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) प्रत्येक आवर्तनागणिक एका बाजूला सरकत जातो आणि लोड अचानक बदलला की कोअर सॅच्युरेट होऊन (आणखी फ्लक्स न पेलवून) करंट उसळतो. एसजी ३५२५ ही व्होल्टेज मोडची, म्हणजे आउटपुट व्होल्टेज पाहून पल्स ठरवणारी, चिप असल्याने तिला ही उसळी दिसतच नाही. टीएल ४९४ या तशाच चिपमध्ये दुसरा एरर अँप्लिफायर (मोजलेली किंमत ठरलेल्या किमतीशी ताडणारा भाग) असतो खरा, पण त्याने केलेले करंट लिमिट प्रत्येक पल्स वेळीच तोडण्याइतके जलद नसते.

म्हणून आमच्या मते तुम्ही यूसी ३८४६ घ्यावी. ही करंट मोडची, दोन आउटपुटांची चिप आहे. प्रायमरीतील करंट ठरलेल्या पातळीला पोहोचताच ती तो पल्स तिथेच तोडते. त्यामुळे दोन्ही दिशांचे शिखर सारखे राहते आणि फ्लक्स आपोआप मध्यावर येतो. मात्र प्रायमरीला सिरीजमध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर लावला असेल, तर तो काढून टाका. करंट मोडसोबत त्यावर चार्ज साचत जातो आणि ब्रिजचा तोल उलट बिघडतो. याच कारणासाठी ही चिप तुमच्या हाफ ब्रिजमध्ये घालण्याचा मोह टाळावा, तिथे एसजी ३५२५ च योग्य आहे.

जोडणी करताना ऑसिलेटर ४० किलोहर्ट्झवर ठेवा, कारण त्याचे पल्स दोन आउटपुटांत आळीपाळीने वाटले जातात. प्रत्येक बाजूची ड्यूटी (आवर्तनात पल्स चालू असण्याचा वाटा) ५० टक्क्यांच्या आत असली, तरी आउटपुट चोकला दोन्ही बाजूंची मिळून ड्यूटी त्याहून जास्त दिसते, म्हणून स्लोप कॉम्पेन्सेशन (पल्स डळमळू नयेत म्हणून करंटच्या सिग्नलमध्ये मिसळलेला चढता उतार) लागतेच. डेड टाइम (एक बाजू बंद झाल्यावर दुसरी चालू होण्याआधीची विश्रांती) टायमिंग कपॅसिटरच्या किमतीवर ठरतो. आयजीबीटीसाठी तो दोनेक मायक्रोसेकंद तरी असावा.

चिपचे आउटपुट शिखराला ०.५ अँपिअरच देते. आयजीबीटीचा गेट चार्ज (त्याला चालू करणाऱ्या टोकात भरावा लागणारा चार्ज) ३०० नॅनोकूलंब धरून तो २०० नॅनोसेकंदांत भरायचा म्हटले, तर सरासरी १.५ अँपिअर लागतात. शिवाय ही चिप ८ व्होल्टच्या आसपासच चालू होते आणि एवढ्या गेट व्होल्टेजवर आयजीबीटी पुरता उघडत नाही, तापून जातो. तेव्हा अंडरव्होल्टेज लॉकआउट (व्होल्टेज कमी असताना गेट बंद ठेवणे) आणि डीसॅच्युरेशन प्रोटेक्शन (शॉर्ट सर्किट ओळखून आयजीबीटी बंद करणे) असलेले आयसोलेटेड ड्रायव्हर, म्हणजे गेट चालवणारे विलग सर्किट, वेगळे बसवा. शॉर्ट सर्किट सहन करण्याची बहुतेक आयजीबीटींची मुदत १० मायक्रोसेकंद किंवा त्याहून कमी असते. तेवढ्यात पल्स तोडण्याचे काम मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये. थ्री फेज रेक्टिफाय केल्यावर बसवर (ब्रिजला पुरवठा करणाऱ्या डीसी लाइनवर) सुमारे ५८७ व्होल्ट येतात, त्यामुळे आयजीबीटी १२०० व्होल्टचेच हवेत, हे तुम्ही जाणताच.

मायक्रोकंट्रोलर टाकाऊ आहे असे नाही. एसटीएम३२जी४७४ सारख्या चिपमध्ये आतल्या कंपॅरेटरने प्रोग्रॅमला मध्ये न घेता थेट पीडब्ल्यूएम (आयजीबीटी चालवणारे पल्स) बंद करता येते, आणि तिचा टायमर १८४ पिकोसेकंदांपर्यंतची बारीक पायरी देतो. पण २० किलोहर्ट्झचे आवर्तनच ५० मायक्रोसेकंदांचे असते. तिथे इतका बारीकपणा वाया जातो आणि फर्मवेअर तपासण्याचे काम मात्र वाढते. प्लेटिंगवाल्यांना अँपिअर-तास मोजणे आणि करंट हळूहळू चढवणे या सोयी आवडतात. त्यासाठी एक साधा मायक्रोकंट्रोलर वर बसवून त्याने यूसी ३८४६ ला फक्त रेफरन्स द्यावा.

चिप अधिकृत वितरकाकडूनच घ्यावी. जुन्या बोर्डांवरून काढून नवे मार्किंग केलेले तुकडे बाजारात सर्रास मिळतात. पहिली चाचणी पूर्ण बसवर न करता ६० व्होल्टच्या करंट लिमिट असलेल्या सप्लायवर करावी आणि ऑसिलोस्कोपवर प्रायमरी करंटचे लागोपाठचे दोन पल्स सारख्याच उंचीचे दिसल्याशिवाय व्होल्टेज वाढवू नये.