गुलाब 15 तारखेला घ्या

प्रश्न : ताई, लग्नाला दीड वर्ष झालं, चिंचवडला भाड्याने राहतो. माझा पगार 28 हजार, बायको क्लासमध्ये शिकवते तिचे 11. बाइकचा हप्ता, गावाला पाठवायचे पैसे, सगळं धरून हातात काही उरत नाही. मागच्या व्हॅलेंटाइनला एका रूफटॉप हॉटेलात गेलो, पाऊण तास वेटिंग, बिल 3,400, मग महिनाभर ओढाताण. यंदा ती म्हणते "मला काही नको", पण रात्री मैत्रिणींचे स्टेटस बघत बसते. काय करू?

उत्तर : अहो, "काही नको" म्हणजे नक्की काय नको हे तिला विचारलंत का? मला तरी वाटतं तिला ते बिल नकोय, दिवस हवाय. सरळ सांगा, आपल्याकडे 300 रुपये आहेत, यात काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. आकडा लपवून गुपचूप काटकसर केलीत की तीच कंजुषी वाटते, आणि तोच आकडा समोर ठेवला की बेत होतो.

तुम्ही चिंचवडचे ना, मग लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा, तिथून भाजे लेणी चालत जाण्यासारखी आहेत. इसवी सनाच्या आधीची लेणी, मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, आणि लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलली की ऊन आतपर्यंत येतं, तेव्हा तिथे बसायला फार छान वाटतं. लोकलचं तिकीट, लेण्यांचं तिकीट, उतरल्यावर चहा-भजी, 300 च्या आत बसतं. डबा घरून न्या आणि तो तुम्ही भरा, तिने नाही! दुपारी लोकल कमी असतात, टाइमटेबल बघून निघा, नाहीतर प्लॅटफॉर्मवरच भांडण व्हायचं.

गुलाबाचं म्हणाल तर आपल्या मावळातले पॉलीहाऊसवाले डिसेंबरातच छाटणी धरतात, फुलं बरोबर त्या आठवड्यात यावीत म्हणून, आणि चांगला लांब दांड्याचा माल परदेशात जातो. तेव्हा 14 ला चौकात एका फुलाला वाट्टेल तो भाव सांगतात, दोन दिवसांनी तोच माणूस जुडी घेऊन मागे लागतो. फूल उशिरा आणलं म्हणून कोणी रुसत नाही, फक्त उशीर का ते आधी सांगून ठेवा.

आमचा पहिला पाडवा सांगते. मी ओवाळलं आणि ह्यांनी ताटात 51 रुपये ठेवले, मला जरा लागलंच, शेजारणीला साडी मिळाली होती. मग ह्यांनी दाराआडून एक पिशवी काढली, आत चपला. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, मी तीन आठवडे सेफ्टी पिन लावून स्टेशन गाठत होते आणि मला वाटायचं कोणाच्या लक्षात नाही. चपला एक नंबर मोठ्या निघाल्या, बदलून आणायला दोघं गेलो आणि येताना उसाचा रस प्यायलो. नंतरच्या कुठल्या पाडव्याला काय मिळालं ते विचाराल तर आठवत नाही बाई.

तर तिची सेफ्टी पिन कुठे लागलीये ते आठवडाभर बघा.

प्रश्न : आमच्या लग्नाला 31 वर्षं झाली. हे म्हणतात व्हॅलेंटाइन हे परदेशी फॅड, आपला पाडवा आहे की. पण पाडव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं, मी दिवसभर ओट्याशी. मला यांच्याबरोबर दोन तास हवेत, बास.

उत्तर : मग तारखेवरून वाद कशाला घालता, फॅड म्हणू द्या त्यांना. कुठलाही मंगळवार-बुधवार धरा, सकाळीच घरात जाहीर करा की आज संध्याकाळचं जेवण आमचं धरू नका, आणि सहा वाजता चप्पल घालून दारात उभ्या राहा. "कुठे?" असं विचारतीलच, तर म्हणा भेळ खायला. मोबाइल मात्र दोघांचेही घरी राहू देत, नाहीतर गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या तासात फोन येतो.