नॉर्वेने एफएम बंद करून डिजिटल रेडिओ आणला, आपल्याकडे तो का रुळला नाही? तिकडून सेट आणला तर इथे चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आमच्या घरात शोकेसवर बसलेलं आहे. आणू नका.

सासवडला 31 वर्षं माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. पुतण्या ओस्लोत नोकरीला. 2018 च्या गणपतीत तो वडिलांसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या भावासाठी, लाकडी पेटीचा एक देखणा सेट घेऊन आला. "काका, तुमच्या खरखरीचे दिवस संपले. आमच्याकडे तर एफएमही बंद केलं." वर हेही, की माझं दुकान म्हणजे म्युझियम. आरतीला आलेली मंडळी तबक हातात घेऊन सेटभोवती उभी. त्याने बटण दाबलं. पडद्यावर 5ए पासून 13एफ पर्यंत एकेका चॅनेलचा शोध चालला, पट्टी भरत गेली आणि शेवटी आलं शून्य. पुन्हा दाबलं, शून्य. एरियल ओढून गच्चीवर नेला, तिथेही शून्य. मग हळूच मला विचारतो, "काका, आत काही लूज झालं असेल का?"

लूज काही नव्हतं. नॉर्वेतला डिजिटल रेडिओ, म्हणजे डीएबी पद्धत, 174 ते 240 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते आणि आपल्याकडे डीएबीचं केंद्रच नाही. आकाशवाणीने धरली डीआरएम ही निराळी डिजिटल पद्धत, तीही मुख्यतः मीडियम वेव्हवर. आणि या सेटला मीडियम वेव्हच नव्हता! दादांनी मान डोलावली, "छान आहे रे. पण यात पुणं कुठंय?" त्यांना हवं होतं मीडियम वेव्हवरचं 792, म्हणजे पुणे आकाशवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या जुन्या दोन बँडच्या सेटवर, ज्याचं मागचं झाकण रबरबँडने धरलंय, प्रादेशिक बातम्या नेहमीसारख्या लागल्या. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण थोडंच.

पुतण्याचं म्हणणं असं की आपले लोक मागासलेले, म्हणून डिजिटल आलं नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. नॉर्वेत लोकांनी मागितलं म्हणून का ते आलं? संसदेने 2011 मध्ये ठरवलं, 11 जानेवारी 2017 ला नॉर्डलँडपासून एफएम बंद करायला सुरुवात झाली आणि डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून गेल्या. त्याआधीच्या पाहणीत दोन तृतीयांश लोक विरोधात होते. कारण होतं पैशाचं आणि डोंगरांचं. फिऑर्ड, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्या, आणि कडेकपारींच्या त्या देशात तेच कार्यक्रम एफएमवर पोचवायला डीएबीच्या आठपट खर्च येतो, असा सरकारचा हिशोब होता, आणि एफएमवर राष्ट्रीय वाहिन्या मावत होत्या फक्त 5. रस्त्यावरच्या सुमारे 20 लाख गाड्यांत डीएबी नव्हतं. आमच्या पुतण्यानेही गाडीच्या काचेला चिकटवायचा अडॅप्टर घेतला होता आणि तो दर थंडीत निसटून पायात पडायचा, हे सूनबाईंनी सांगितलं, त्याने नाही. शिवाय तिथली स्थानिक केंद्रं एफएमवरच राहिली. तेव्हा "एफएम बंद" हे अर्धंच खरं.

नॉर्वे आणि बीबीसी, दोघांचं डीएबी 1995 चं. ब्रिटनमध्ये एफएम अजून चालू आहे. कॅनडाने डीएबी आणलं आणि गुंडाळलं. अमेरिकेने एचडी रेडिओ ही तिसरीच डिजिटल पद्धत घेतली, ती जुन्या एफएमच्या कुशीतच बसतो, काही बंद करावं लागत नाही. मग हे सगळे मागासलेले का?

आपल्याकडे उलटं झालं. आकाशवाणीने तीसहून जास्त डीआरएम ट्रान्समीटर उभे केले, पण दुकानात सेटच नाहीत. जे होते ते महाग. माझ्या काउंटरवर एकाही गिऱ्हाइकाने कधी डीआरएमचा सेट मागितला नाही. दुरुस्तीला आलेल्या साध्या सेटचा काटा चुकून डीआरएमच्या जागी गेला तर नुसता धबधबा ऐकू यायचा, आणि लोक म्हणायचे सेट बिघडला. खाजगी एफएमवाल्यांची जाहिरात जुन्या सेटवरच चालते, ते कशाला खर्च करतील?

आता हेही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही आवडत नाही म्हणाल. डीआरएम चांगलं आहे. गेल्या काही वर्षांत लाखो गाड्यांत ते कंपनीकडूनच बसवून आलं, त्यातल्याच एका शेजाऱ्याच्या गाडीत मी ऐकलं. मीडियम वेव्ह आणि खरखर नाही, मी चकित झालो. पण दिवे घाटात सिग्नल पडला तेव्हा आवाज बारीक झाला नाही, एकदम मुकाच झाला. जुना सेट खरखरीतूनही बातमी कळवतो. त्यामुळे गाडी घेताना डीआरएम आहे का बघा, सेट मात्र परदेशातून आणू नका. आणलाच असेल तर त्यावर आपलं एफएम लागेल, अगदीच फुकट जाणार नाही.

दादांचा तो सेट घड्याळ म्हणून वापरात आहे. वेळ तो डीएबीच्या केंद्राकडून घेणार होता, ते इथे नाही, म्हणून लाईट गेली की 00:00 दाखवतो. मग दादा जुन्या सेटवर आकाशवाणीची वेळ ऐकतात आणि त्याचं घड्याळ लावतात.