अंधाऱ्या विहिरीतला प्राणवायू

प्रश्न : आमच्या शेतात एक जुनी, वापरात नसलेली विहीर आहे. गाळ काढण्यापूर्वी वडीलधारी मंडळी आत कंदील सोडतात आणि तो तळ गाठण्याआधीच विझतो. काही जीवाणू अंधारातही प्राणवायू तयार करतात, असे अलीकडे वाचनात आले. तसे असेल, तर आमच्या विहिरीत तो का नसावा?
– एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे, मात्र त्याच्या भरवशावर कोणीही विहिरीत उतरू नये, हे आधीच सांगितलेले बरे.

विहिरीत पडलेला पालापाचोळा कुजवताना जीवाणू प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने, वारा न खेळणाऱ्या विहिरीत तो तळाशी साचतो. हवेतील प्राणवायू 21 टक्क्यांवरून साधारण 16 टक्क्यांवर आला की कंदील विझतो. पाण्यात तर तो मुळातच कमी असतो : 25 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम. त्यामुळे गाळात काही मिलिमीटर खाली गेले, की तो बहुधा संपलेलाच असतो. तेथील जीवाणू मग नायट्रेट, लोहाची संयुगे आणि सल्फेट यांवर निभावतात. गाळ ढवळल्यावर येणारा सडक्या अंड्यांसारखा वास या सल्फेटवाल्यांचा.

अशाच प्राणवायूविरहित गाळातील एका जीवाणूचे कोडे 2010 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी उलगडले. ‘मेथिलोमिराबिलिस ऑक्सिफेरा’ हा जीवाणू नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतो, त्याचे दोन रेणू घेऊन नायट्रोजन आणि प्राणवायू वेगळे करतो आणि तो प्राणवायू वापरून मिथेन खातो. पुढे 2022 मध्ये समुद्रातील एक सूक्ष्मजीवही अंधारात प्राणवायू तयार करताना आढळला. 2023 मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या भूजलातही अशा क्रियांच्या खुणा मिळाल्या.

मग आपल्या विहिरीत तो का दिसत नाही? कारण हा प्राणवायू मुख्यतः पेशीच्या आतच तयार होतो व तेथेच खर्च होतो. जो बाहेर निसटतो, तो आसपासचे जीव लगेच टिपतात. कुजण्याजोगा माल भरपूर असलेल्या विहिरीत ही मिळकत खर्चाला कधीच पुरत नाही, आणि ती विहिरीतल्या हवेत उतरण्याचा तर प्रश्नच नाही.

आपल्याकडच्या भातशेतीत मात्र या देवघेवीची एक बाजू उघड्या डोळ्यांनी पाहता येते. भाताचे रोप आतल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत हवा नेते; चिखलातून रोप उपटून धुतले, तर मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो, तो त्या हवेने आणि जीवाणूंनी मिळून बसवलेल्या लोहाचा. पाटाच्या साचलेल्या पाण्यावरचा रंगीत तवंगही अनेकदा लोहजीवाणूंचाच असतो. काडीने छेडल्यावर तो काचेसारखा तुटून तसाच राहिला, तर जीवाणूंचा; पुन्हा जुळला, तर तेलाचा.

कंदिलाबद्दल एक इशारा. कंदील जळत राहिला म्हणून हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन साचला असेल तर ज्योतच स्फोटाला कारण ठरू शकते. गाळ काढायचाच असेल, तर वायुमापक उपकरणाने तपासणी करून, पंख्याने भरपूर हवा खेळवून आणि कमरेला दोर बांधूनच माणूस उतरवावा. आतला माणूस कोसळला, तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये.