इराकमधील सशस्त्र प्रतिकाराला सर्व डाव्यांचा पाठिंबा होता का?

नाही, २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकचा ताबा घेतल्यानंतर सशस्त्र प्रतिकाराबाबत डाव्यांत एकमत नव्हते, आणि सर्वांत ठळक मतभेद खुद्द इराकी डाव्यांमध्येच होते. युद्धाला विरोध केलेला इराकी कम्युनिस्ट पक्ष जुलै २००३ मध्ये कब्जेदार सत्तेने नेमलेल्या शासकीय परिषदेत सामील झाला, तर वर्कर-कम्युनिस्ट पक्षाने परकी फौजा आणि धर्मवादी सशस्त्र गट या दोहोंनाही विरोध केला. साम्राज्यवादी सैन्याशी लढणाऱ्यांना विचारसरणीची अट घालू नये, असे ब्रिटनमधील अनेक डाव्यांचे म्हणणे होते. मात्र जानेवारी २००५ मध्ये कम्युनिस्ट कामगारनेते हादी सालेह यांची बगदादमध्ये राहत्या घरी हत्या झाल्यावर या भूमिकेचे समर्थन करणे, माझ्या मते, फार अवघड झाले. असाच मतभेद जानेवारी २००४ मध्ये गोरेगावातही दिसला होता: लष्करी संघटनांना सनदेनेच मज्जाव करणाऱ्या जागतिक सामाजिक मंचासमोर (जागतिकीकरणविरोधी चळवळींच्या मेळाव्यासमोर) सशस्त्र लढ्याचे समर्थन करणाऱ्या गटांची ‘मुंबई रेझिस्टन्स’ ही समांतर परिषद भरली. अर्थात ‘प्रतिकार’ म्हणजे एकच संघटना नव्हती. सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाचे समर्थक, शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांचे अनुयायी आणि अल-कायदाशी संलग्न गट त्यात वेगवेगळे लढत होते, त्यामुळे एखाद्याने नेमका कोणाला पाठिंबा दिला, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.